कॅनडात असं होत नाही

आमचे काका कॅनडात राहायचे. घर ओहायोत होतं, नोकरी ओहायोत होती, गाडीची नंबरप्लेट ओहायोची होती. पण राहायचे ते कॅनडात. घरातला थर्मोस्टॅट सेल्सिअसवर. फोनवर हवामान टोरांटोचं. कोलंबसच्या त्या उपनगरात लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि हे खिडकीशी उभे राहून सांगायचे, "आज चांगला स्नो आहे बरं का." कुठे, ते विचारायचं नाही. मराठी मंडळात सगळे त्यांना 'कॅनडा काका' म्हणायचे. त्यात चेष्टा होती हे त्यांना कधी कळलंच नाही. उलट आवडायचं.

मी त्यांच्या तळघरातल्या खोलीत भाड्याने राहायचे. स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्स झालं, कोलंबसला नोकरी लागली, ओळखीतून ही खोली मिळाली. त्याआधी नाशिकला कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि गेटवर उभी राहून वाटायचे. त्यामुळे माझी भाषा ही अशी आहे. काका माणूस म्हणून चांगले आहेत, हे मी एकदाच सांगते आणि मोकळी होते. बर्फात मला विमानतळावर घ्यायला आले होते. मला गाडी त्यांनी शिकवली. व्हिसाच्या लॉटरीत माझा नंबर लागला नाही त्या दिवशी स्वतः पिठलं-भात केला आणि समोर बसून खायला लावला. पिठलं वाढता वाढता म्हणाले, "कॅनडात असं होत नाही."

हे त्यांचं वाक्य. हॉस्पिटलचं बिल आलं, कॅनडात असं होत नाही. शाळेतल्या लहान मुलांना गोळीबार झाला तर बाकाखाली कसं लपायचं ते शिकवतात अशी बातमी लागली, कॅनडात असं होत नाही. अध्यक्ष टीव्हीवर काही बोलले, की काका आवाज बंद करून म्हणायचे, कॅनडात असं होत नाही. आता गंमत अशी की हे पुष्कळदा खरंच असायचं. मला राग वाक्याचा नव्हता. ते बोलल्यावर काका उठून काही करतील, निदान एखाद्या सभेला येतील, असं मला सुरुवातीला वाटायचं. छे! ते वाक्य म्हणजे त्यांची दुलई होती. ओढून घेतली की गाढ झोप.

कारण ते जाणारच होते ना! अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याच वर्षापासून ते अमेरिका सोडायला निघाले होते. दर निवडणुकीनंतर निघायचे. इकडचा पक्ष जिंकला तरी निघायचे, तिकडचा जिंकला तरी निघायचे. आणि जाणाऱ्या माणसाने इथली भानगड कशाला अंगाला लावून घ्यायची? इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मत दिलेलं नव्हतं. मला मताचा अधिकारच नाही, मी दारोदार फिरून लोकांना मतदानाला पाठवत होते. आणि ज्यांच्या खिशात मत होतं ते वरच्या मजल्यावर टोरांटोचं तापमान बघत होते. तुमच्याही मंडळात असा एक काका आहे. नाही म्हणू नका.

या जाण्यापायी झालेलं नुकसान काकूंच्या वाट्याला आलं. अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात, शिकताना, काकूंची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली. लागलं काही नाही, पण त्या घाबरल्या. काकांनी समजूत घातली, "राहू दे गं ड्रायव्हिंग. कॅनडात जागोजागी बस आहे." झालं! काकू जन्मात गाडी शिकल्या नाहीत, कारण कॅनडात बस आहे. मला काकांनी दोन महिन्यांत शिकवली. मी कॅनडाला जाणार नव्हते.

इटलीच्या सहलीची गोष्ट काकूंनीच सांगितली. तिकडे जायच्या आधी काकांनी पाठीवरच्या सॅकवर मेपलच्या पानाचा बिल्ला शिवून घेतला होता, अर्थात काकूंकडून. म्हणे युरोपात अमेरिकन म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, कॅनडियन म्हटलं की खुर्ची देतात. रोमच्या हॉटेलात नाश्त्याला बसले तर शेजारच्या टेबलावर खरोखरचं टोरांटोचं मराठी कुटुंब. त्यांनी बिल्ला पाहिला, मराठी ऐकलं आणि हरखून गेले.

"अरे वा! टोरांटोत कुठे तुम्ही?"

"जरा बाहेर," काका म्हणाले.

"म्हणजे ब्रॅम्प्टन?"

"आणखी जरा बाहेर."

काकू चहा ढवळत म्हणाल्या, "ओहायोपर्यंत."

काकांना कॅनडाची सगळी माहिती पुरवायचे त्यांचे साडू. म्हणजे काकूंच्या मोठ्या बहिणीचे यजमान, टोरांटोजवळच्या मिसिसागाचे अरुणराव. दोन साडू एकत्र आले की एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करायची, ही आपली रीत. इथे उलटंच होतं. अरुणराव अमेरिकेला शिव्या घालायचे आणि काका अमेरिकेतल्या आपल्याच सोफ्यावर बसून मान डोलवायचे. "तुमच्याकडे दुकानात बंदूक मिळते, डॉक्टर मिळत नाही," अरुणराव म्हणायचे. "अगदी बरोबर," काका म्हणायचे. या अरुणरावांनी स्वतःच्या गुडघ्याचा एमआरआय अमेरिकेत, बफेलोला येऊन काढला होता, कारण तिकडे नंबर लागेपर्यंत गुडघा थांबायला तयार नव्हता. तो किस्सा ते सांगायचे तो असा : "शॉपिंगला गेलो होतो, तेव्हा तेही उरकून घेतलं."

गेल्या वर्षी इथल्या अध्यक्षांनी कॅनडाच्या मालावर टॅरिफ लावलं आणि कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणायला सुरुवात केली. कॅनडा भडकला. भडकणारच! तुमच्या घराला कोणी आपली माडी म्हणाला तर तुम्ही पेढे वाटाल का? पण अरुणरावांचा भडका स्वयंपाकघरात उतरला. अमेरिकेत पाऊल ठेवणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. बायकोने बहिणीकडे पाडव्याला जायचंच म्हटलं तेव्हा आले, पण सरहद्दीपलीकडच्या विंडसरलाच टाकी फुल करून आणि डिकीत कूलर, म्हणजे बर्फाची पेटी, घालून. कूलरमध्ये कॅनडाचं पाणी, कॅनडाचं केचप, कॅनडाची बिस्किटं. पानावर बसले आणि कोशिंबिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही कोथिंबीर कुठली?"

"कुंडीतली," काकू म्हणाल्या. "पासपोर्ट आणू का तिचा?"

"तसं नाही गं, तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि श्रीखंड?"

"घरी केलंय, भाऊजी."

"दूध?"

"ओहायोचं."

अरुणरावांनी वाटी बाजूला सरकवली. काकांनी एक क्षण आपल्या वाटीकडे पाहिलं. काकांना श्रीखंड किती आवडतं हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि त्यांनीही वाटी सरकवली! पाठिंबा म्हणून! टॅरिफचा दणका तिकडे विंडसरच्या आणि इकडे टोलीडोच्या कारखान्यातल्या माणसांना बसत होता, आणि हे दोन निषेधवीर सणाच्या दिवशी श्रीखंड सोडून देशकार्य करत होते. काकूंनी दोन्ही वाट्या उचलून माझ्यापुढे ठेवल्या. "तू खा. तुला अजून कुठलाच देश नाही."

अमेरिकन बाजूचं अज्ञान बघायला लांब जावं लागायचं नाही. शेजारीच गॅरी राहतो. निवृत्त ट्रक ड्रायव्हर, अंगणात भलामोठा झेंडा. कॅनडाविषयी त्याचं एकच मत होतं : त्यांनी आपल्याला बदकं दिली. 'कॅनडा गूज' म्हणतात ती धिप्पाड, खुनशी बदकं आमच्या तळ्याकाठी उतरतात आणि पायवाट घाण करून ठेवतात. "ते एक्कावन्नावं राज्य झालं," गॅरी मला म्हणाला, "तर ही बदकं आपलीच होतील ना? मग तक्रार कोणाकडे करायची?" एवढा मोठा शेजारी देश आणि याच्या डोक्यात त्याची जागा तळ्याकाठच्या घाणीएवढी. काका दिसले की तो हात करून ओरडायचा, "हाउज द ओल्ड कंट्री?" मला वाटायचं टिंगल करतोय. नाही! त्याला कित्येक वर्षं खरंच वाटत होतं की काका मूळचे कॅनडाचे. काकांनी त्याची चूक कधी दुरुस्त केली नव्हती.

पण गॅरी मत द्यायला जातो. कर वाढवणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाच्या विरोधात देतो, डोळे मिटून देतो, पण जातो. हे मी नाइलाजाने नोंदवतेय.

आता आमच्याकडच्या बसची गोष्ट. काकू एका डे-केअरमध्ये काम करायच्या, बाळांच्या खोलीत. तिथली सगळी पोरं त्यांना 'मिस काकू' म्हणायची. त्यांची पाळी शेवटची, आईबाप पोरं घरी नेईपर्यंतची, आणि मग त्या संध्याकाळच्या बसने घरी यायच्या. खिडकीजवळची जागा, मांडीवर डबा, कानात जुनी नाट्यगीतं. इतक्या वर्षांत त्या घराबाहेर जे काही स्वतःचं म्हणून उभं करू शकल्या, ते त्या बसवर उभं होतं. ही संध्याकाळची बस बंद होणार अशी बातमी आली. ती टिकवायची तर थोडासा कर लावावा लागणार होता, आणि लावायचा की नाही ते मे महिन्यातल्या मतदानात ठरणार होतं. मी ताबडतोब त्या प्रचारात शिरले.

घरचं मत आधी, म्हणून काकांपासून सुरुवात केली. "काका, पोस्टाने मत देता येतं. मी सगळं समजावून देते."

"पोस्टाने कसलं मत? मतदान केंद्रावर जाऊन करायचं असतं. कॅनडात अजून कागदावर पेन्सिलीने करतात, माहितेय? साधी पेन्सिल!"

"मग केंद्रावर जाल?"

"जाईन की. बस पाहिजेच. टोरांटोत तर दर दहा मिनिटांनी..."

काकूंनी पोळी लाटता लाटता एकदाच विचारलं, "नक्की जाल ना हो?"

"अगं, म्हणालो ना."

आणि नेमकी त्याच वसंतात, आमच्या मतदानाच्या एक आठवडा आधी, कॅनडाची निवडणूक आली. काकांच्या अंगात चैतन्य संचारलं. त्यांनी मंडळातल्या लोकांना जेवायला बोलावलं, मेपलच्या पानांचे लाल कागद कापून दिवाणखान्यात लावले, भिंतीवर नकाशा टांगला. अटलांटिककडचे निकाल आधी येतात, मग ओंटारिओ, कुठल्या मतदारसंघात कोण गेल्या वेळी थोडक्यात पडलं होतं, सगळं तोंडपाठ. संध्याकाळभर हा माणूस पदरच्या पैशाने आणलेली भेळ खाऊ घालत, हातात पेन्सिल घेऊन, अशा देशाची मतं मोजत होता जिथे त्याला मत नव्हतं. कोणीतरी विचारलं, "काका, इथे पुढच्या आठवड्यात कसलं तरी व्होटिंग आहे ना?" काकांनी नकाशावरची नजर न हलवता उत्तर दिलं, "आहे काहीतरी लोकल. थांब, क्यूबेक येतंय."

मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून चर्चच्या हॉलबाहेर पत्रकं वाटत होते. आमचं केंद्र तिथे होतं. गॅरी आला, विरोधात मत देऊन गेला, जाताना मला हात केला. संध्याकाळी काकू कामावरून परस्पर चालत आल्या, पायात कामावरचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी मत दिलं आणि बाहेर येऊन विचारलं, "हे येऊन गेले?"

काका आले नव्हते. म्हणजे आले होते, पण गाडीतून. पार्किंग भरलेलं दिसलं म्हणून वळून गेले, कॉफी घेतली आणि घरी गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा टीव्हीसमोर होते. "पार्किंगच नाही! लोकांनी मत द्यायचं कसं? कॅनडात..."

"पुरे," काकू म्हणाल्या. काकूंना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

प्रस्ताव पडला. एका मताने पडला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. तसा पडला नाही. काकांच्या एका मताने काहीही वाचलं नसतं. म्हणून तर मला जास्त चीड आहे. मी ज्या ज्या मराठी दारावर गेले होते तिथे सगळ्यांनी 'हो हो, पाहिजेच' म्हटलं होतं. कोणाची मीटिंग होती, कोणी लक्षात नाही म्हणालं, कोणाला वाटलं दुसरे जातील. प्रस्ताव गॅरीने पाडला असं मी म्हणणार नाही. गॅरी एकटा होता. तो पाडला काकांनी, आणि काका घरोघरी होते.

ऑगस्टमध्ये बस बंद झाली. काही आठवडे काका काकूंना आणायला गेले, कधी वेळेवर, कधी नाही. एकदा काकू रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर उभ्या राहिल्या. त्या दिवशी जेवताना काका म्हणाले, "सोड की आता ती नोकरी. मी रिटायर होतोय, अदिती टोरांटोत आहेच. जाऊया ना आता. खरंच जाऊया."

अदिती त्यांची मुलगी. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे टोरांटोला गेली होती, वडिलांच्या प्रचारामुळे नव्हे. फोनवर ती काकांना म्हणाली, "बाबा, कम, ऑफ कोर्स. बट पीपल कम्प्लेन हिअर टू, ओके?" काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बॅगा भरल्या. जायच्या आदल्या दिवशी काकांनी काकूंची बॅग उघडून पाहिली तर ती रिकामी.

"अगं, हे काय?"

"तुम्ही व्हा पुढे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढे व्हा. मी बसचं बघून येते."

"बसचं काय बघायचंय? बस गेली!"

"परत मताला येणारेय पुढच्या मेमध्ये. ही म्हणाली." काकूंनी माझ्याकडे हात केला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचा संसार मोडायला नाशिकहून आले होते.

"अगं, तिकडे पावलापावलाला बस आहे!"

"असेल की," काकू म्हणाल्या. "तिथल्या लोकांनी मतं दिली असतील."

काका एकटे गेले. मी त्यांना विमानतळावर सोडलं. उतरताना म्हणाले, "तिला संध्याकाळी उशीर झाला तर बघशील ना?" तेवढ्यापुरता माझा सगळा राग गळाला, हे खरं आहे. मी बघेन म्हणाले. पण बघावं लागलं नाही. गॅरी बघतो. त्याचा ट्रक रोज डे-केअरच्या दाराशी उभा असतो. मी एकदा त्याला टोमणा मारलाच, की बसच्या विरोधात मत देऊन आता ड्रायव्हर झालास. तर म्हणाला, "आय सेड नो टु द टॅक्स. नॉट टु हर." एक ट्रक किती बायांना पुरेल, एवढंच त्याला विचारावंसं वाटतं.

काकांचा फोन दर रविवारी येतो. पहिल्या महिन्यात कौतुक होतं. दुसऱ्यात ते आटलं. तिसऱ्या महिन्यात काकू फोन स्पीकरवर ठेवून मेथी निवडत होत्या आणि काका सांगत होते : फॅमिली डॉक्टर मिळत नाही, अदितीलाही मिळालेला नाही, घरांच्या किमती विचारू नकोस, बस आहे पण स्टॉपवर उणे वीसमध्ये उभं राहावं लागतं. मग एक मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "अमेरिकेत असं होत नाही गं."

काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मला हसू फुटलं, त्यांना नाही फुटलं. तिथे काका पाहुणे आहेत, त्यांना मत नाही. सगळ्या आयुष्यात हाच देश ते शोधत होते, जिथे तक्रार करता येते आणि मत कोणी मागत नाही. मिळाला एकदाचा!

आता पुन्हा मे जवळ आलाय. शनिवारी काकू माझ्याबरोबर दारोदार येतात. मला वाटलं होतं त्यांना शिकवावं लागेल. कसलं काय! माझ्या पत्रकी भाषणाने लोक दार लावून घेतात. काकूंना बघून दार उघडतात, आणि एकदा उघडलेलं दार त्या लावू देत नाहीत. 'हो हो, देईन' या उत्तराची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांनी त्या उत्तराशी संसार केलाय. काकांनी कोणाला काही शिकवलं असेल तर ते हे, आणि ते त्यांना कधी कळणार नाही.

परवा नव्या कॉलनीत एक नागपूरकडचे गृहस्थ गाडी धूत होते. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "अहो, आम्ही तसंही पुढच्या वर्षी टेक्ससला मूव्ह होतोय. तिथे इन्कम टॅक्सच नाही. मस्त आहे एकदम."

मी तोंड उघडलं होतं. काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"जा हो, छान आहे टेक्सस," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी मत देऊन जा."

ते हसले. "देतो की, काकू."

"सकाळी की ऑफिसनंतर?"

पाण्याचा पाइप त्यांच्या हातात तसाच वाहत होता. काकू पायरीवरून हलल्या नाहीत. "सकाळी," ते शेवटी म्हणाले.

"मी चर्चच्या दाराशी उभी असेन," काकू म्हणाल्या. "दिसला नाहीत तर घरी येईन."